कोणतेही छप्पर

४ मार्च

ती. मामा,
सा. नमस्कार.

फोन किराणा मागवण्यासाठी असतो असं तुम्ही म्हणता, म्हणून हे पत्र. एकाच शहरात राहून मामाला पोस्टाने गाठणारी मी एकटीच भाची असेन.

बंदर रुंद करायचं म्हणून पुलाखालची वस्ती पाडली, हे तुम्ही पेपरात वाचलं असेलच. तिथल्या लोकांनी शहराबाहेरच्या तळावर जाऊन राहायचं असा हुकूम आहे. ते परत शहरात मुरू नयेत म्हणून नगरपालिकेने नवा कायदा केलाय: हलवलेल्या माणसाला हात लावायचा नाही; जो कोणी त्याला आपल्या घरात आसरा देईल, त्याला तीन महिने कैद. या कायद्याखालची पहिली आरोपी काल माझ्यासमोर उभी राहिली.

माझ्या कोर्टाच्या मागच्या गल्लीत लॉन्ड्री आहे ना, तिची मालकीण. बाई काही देवमाणूस वगैरे नाही. गेल्या वर्षी माझा काळा कोट जाळला आणि वर माझ्याशीच भांडली. हिने वस्तीतली एक गरोदर बाई इस्त्रीच्या खोलीत ठेवून घेतली. त्या बाईचा नवरा बोटीवर कामाला, सहा महिने येणार नाही. तळावर तंबू आहेत, डॉक्टर नाही.

मी विचारलं, "कायदा माहीत होता तुम्हाला?"
"होता की."
"मग?"
"मग काय? दार वाजलं, उघडलं. तुमच्याकडे दार वाजलं की तुम्ही काय करता?"

लोक हसले. मी टेबलावर हातोडा आपटला आणि पुढचा खटला पुकारायला लावला.

मामा, तीस वर्षं तुम्ही नैसर्गिक कायदा शिकवलात. पहिल्या बाकावर बसून मी तो उतरवून घेतला. मॅजिस्ट्रेट झाल्यापासून त्या वहीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. निकाल पुढच्या आठवड्यात द्यायचाय. काय करू?

तुमची,
ठकी

८ मार्च

चि. ठकीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आपण इतकी वर्षं भिंतीला शिकवत होतो की काय, अशी शंका आली. पहिल्या वर्षाच्या पोराला विचार, तो सांगेल. एक कायदा कागदावर असतो. तो माणसं करतात, आणि माणसं गाढव असू शकतात. दुसरा माणसाच्या विवेकात असतो. तो कोणी केलेला नाही, म्हणून कोणाला रद्द करता येत नाही. पहिला दुसऱ्याच्या आड आला की तो कायदा राहतच नाही. तो नुसता हुकूम होतो, आणि हुकूम तर दरोडेखोरही सोडतो. गरोदर बाईला छत देऊ नका असं सांगणारा कागद ही कायद्याची नक्कल आहे. नोटेची नक्कल घेऊन कोणी आला तर तू सुटे पैसे देतेस का?

नगरपालिकेतल्या मंडळींना मी चांगला ओळखतो. निम्मे माझेच विद्यार्थी. वकिली जमली नाही म्हणून शहर चालवायला लागले.

तेव्हा निकालपत्रात एकच वाक्य लिही: "हा कायदाच नव्हे, म्हणून गुन्हाही नाही." खाली सही. यासाठी मामाला पत्र लिहावं लागतं? तुझ्या खुर्चीवर माणूस बसलाय की रबरी शिक्का, ते तरी एकदा कळू दे.

तुझ्या मामीने तुझं पत्र वाचायला मागून घेतलं. तिला त्यातलं काय कळणार, पण दिलं.

मामा

१७ मार्च

ती. मामा,
सा. न.

तुमचं एक वाक्य टेबलावर ठेवून मी चार दिवस त्याच्याकडे बघत होते. लिहिलं नाही. का, ते ऐका.

मागच्या महिन्यात माझ्यापुढे एक बाप होता. शिकलेल्या, कमावत्या मुलीला त्याने तीन आठवडे खोलीत कोंडून ठेवलं होतं, तिने दुसऱ्या गावची नोकरी धरली म्हणून. त्याचा वकील उभा राहिला तो हातात तुमचं पुस्तक घेऊन. जाडजूड, सोनेरी अक्षरांचं, आत खुणेची पट्टी. खणखणीत आवाजात त्याने वाचलं: "कुटुंबातील अधिकाराची उतरंड निसर्गानेच घालून दिली आहे." मला वाटलं, हा पदरचं घालतोय. घरी येऊन पुस्तक काढलं. वाक्य तुमचंच आहे, मामा. शब्दन् शब्द.

निसर्ग तुमच्या कानात एक सांगतो, त्या बापाच्या कानात दुसरं, आणि नगराध्यक्षांना बहुधा बंदराचा नकाशा काढून देतो. मला तो कधी भेटला नाही. माझ्याकडे कागद येतात. त्या बापाला मी आत पाठवला तो कागदाच्याच जोरावर, तेव्हा कागदाला इतकं नाक मुरडू नका.

आता लॉन्ड्रीचं. कायद्यात "घर" म्हणजे काय ते दिलंय: कुटुंबाच्या राहण्याची जागा. लॉन्ड्रीत कोणी राहत नाही. तिथे चादरी राहतात. "घरात आसरा दिला" हे सिद्ध होत नाही, म्हणून निर्दोष. सरकारी वकिलाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

लॉन्ड्रीवालीने आभार वगैरे मानले नाहीत. बाहेर गाठून म्हणाली, "म्हणजे मी काही केलंच नाही, असं लिहिलंत की काय तुम्ही?" भलतीच दुखावली होती. त्याच आठवड्यात तिच्या इस्त्रीच्या खोलीत मुलगी झाली. बाळ-बाळंतीण ठीक आहेत.

ठकी

२४ मार्च

चि. ठकीस,

वा! न्यायाधीश शब्दकोशात दडून बसला. बाईसाहेबांना अन्यायाला अन्याय म्हणायचं होतं, तोंड उघडलं आणि "लॉन्ड्री म्हणजे घर नव्हे" एवढंच बाहेर पडलं. ती अडाणी बाई तुझ्यापेक्षा बरी. आपण काय केलं ते तिला ठाऊक आहे, तुला मात्र तिने काय केलं हेच लिहायचं नव्हतं. अशा पळवाटा भुरट्या वकिलाला शोभतात. मी परीक्षक असतो तर काठावर पास केलं असतं, तेही नात्याकडे बघून.

त्या बापाच्या वकिलाने माझं वाक्य संदर्भ तोडून वाचलं. पुढच्या आवृत्तीत तळटीप टाकीन.

परवा नगराध्यक्ष जेवायला होते. महाविद्यालयाच्या नव्या सभागृहाला माझं नाव द्यायचं त्यांनी मनावर घेतलंय. मी नको नको म्हणतोय, पण ऐकणार कोण. तुझ्या निकालाचा विषय निघाला, थोडं हसलो सगळे. राग मानू नकोस. माणूस तसा दिलदार आहे.

मामा

११ एप्रिल

ती. मामा,

नगरपालिकेने कायदा दुरुस्त केला. "आपल्या घरात" हे शब्द गेले आणि त्या जागी आले "कोणत्याही छपराखाली". आता लॉन्ड्री, गोदाम, गोठा, छत्री, काहीच सुटत नाही. त्यांच्या मूळ मसुद्यात शुद्धलेखनाच्या सतरा चुका होत्या, आणि ही दुरुस्ती बघा, कशी चपखल बसलीय. कोणाला सुचली असेल?

बाळ आणि आई अजून इस्त्रीच्या खोलीतच होत्या. पोलिसांनी लॉन्ड्रीवालीला पुन्हा धरलं. मी विचारायच्या आत ती म्हणाली, "या वेळी तरी लिहा, मी केलं म्हणून."

आता शब्दांत फट उरलेली नाही. पळवाटेला तुम्ही हसलात ते ठीकच होतं, पण तुमची सरळ वाट मला एकटीने चालवत नाही. कोर्टाला जाणकाराचं म्हणणं ऐकून घेता येतं. मी तुम्हाला बोलावते. या, उभे राहा, आणि वर्गात तीस वर्षं जे बोललात तेच तिथे बोला. तुमच्यासारख्या माणसाने भर कोर्टात सांगितलं की हा कायदा नव्हे, तर वरचं कोर्टही दोनदा विचार करेल. सुनावणी २२ तारखेला आहे.

वाट बघते.
ठकी

१६ एप्रिल

चि. ठकीस,

तुझी विनंती मिळाली. भावनेच्या भरात लिहिलेली दिसते.

तत्त्व आणि तत्त्वाचा वापर यांत फरक असतो, हे मी तिसऱ्या सत्रात शिकवत असे. तेव्हा तू बहुधा आजारी होतीस. नैसर्गिक कायदा मानवी जीवनाच्या परमोच्च श्रेयाविषयी बोलतो. लॉन्ड्रीविषयी तो काही बोलत नाही. शिवाय शहराची सुव्यवस्था हीसुद्धा माणसाची नैसर्गिक गरजच नव्हे काय? नगरपालिकेची बाजू सर्वस्वी टाकाऊ आहे असं मला आता वाटत नाही. विचारवंताला दोन्ही बाजू दिसतात, हाच त्याचा शाप.

त्यातून सभागृहाचा समारंभ २५ तारखेला आहे. तीन दिवस आधी मी कोर्टात उभा राहिलो तर लोक भलताच अर्थ काढतील. आणि गुडघा धरलाय. तुमच्या कोर्टाच्या पायऱ्या मला जमायच्या नाहीत.

तू तुझ्या विवेकाला स्मरून निर्णय घे. माझे आशीर्वाद आहेत.

मामा

१८ एप्रिल

ठके,

तुझ्या मामांचं पत्र पोस्टात टाकायला मीच गेले होते. पाकीट उघडंच होतं. वाचलं, चिकटवलं, टाकलं. गुडघ्याला काही झालेलं नाही. सकाळी हे नव्या सुटाचं माप द्यायला शिंप्याकडे चालत गेले होते, आणि दुकान दुसऱ्या मजल्यावर आहे.

कोणाला सुचलं असेल म्हणून तू विचारलंस ना? नगराध्यक्ष जेवायला आले त्या दिवशी मी वाढत होते. ह्यांनी तुझं पत्र आणून मोठ्याने वाचून दाखवलं. "चादरी राहतात" पर्यंत आले आणि दोघं पोट धरधरून हसले. मग हे म्हणाले, "अहो, घर कशाला लिहिलंत? पहिल्या वर्षाच्या पोरानेसुद्धा 'कोणतेही छप्पर' लिहिलं असतं." नगराध्यक्षांनी चमचा खाली ठेवला, म्हणाले, "परत सांगा," आणि खिशातून पेन काढून हातपुसण्यावर लिहून घेतलं.

ह्यांच्या लक्षातही आलं नसेल आपण काय दिलं ते. हुशारी दाखवायला मिळाली की ह्यांना बाकी काही दिसत नाही. पण दुरुस्तीची बातमी आली तेव्हा कळलं. पेपर वाचता वाचता चष्मा काढून पुसत बसले, आणि मला म्हणाले, "चहा कर."

मला यातलं काय कळणार, असं ते तुला लिहितात. मला एवढं कळतं, की लॉन्ड्रीवाली आत गेली तर त्या बाळंतिणीपाशी कोणी तरी असायला हवं. इस्त्री मला येते. चाळीस वर्षं ह्यांचे शर्ट कोणी केलेत? परवा सकाळी निघते. पत्ता कळव.

मामी

२९ एप्रिल

मामा,

समारंभ छान झाला म्हणे. पेपरात फोटो पाहिला. सूट चांगला बसलाय.

निकाल २२ तारखेलाच दिला. त्याचंही पेपरात आलंय, सातव्या पानावर. तुम्ही पाहिलं नसेल, म्हणून थोडक्यात सांगते. मी लिहिलं: हा कायदा आहे. रीतसर मंजूर झालाय, छापलाय, लागू आहे. आरोपीने तो मोडला. तो माणुसकीला काळिमा आहे, म्हणून मी तिला शिक्षा देणार नाही.

तुमचं वाक्य का नाही घेतलं? ते फार स्वस्तात सोडवतं, मामा. हा कायदाच नव्हे म्हटलं की मग कोणी काही मोडलेलंच नसतं. लॉन्ड्रीवालीनेही नाही आणि मीही नाही. दोघींनी हात झटकून घरी जायचं. तिला "मी केलं" असं लिहून हवं होतं. ते लिहिल्यावर मला माझंही लिहावं लागलं. कायदा खरा आहे, तो वाईट आहे, आणि तो मी सही करून बाजूला ठेवतेय.

संध्याकाळी राजीनामा दिला. काढून टाकण्याचं सुख त्यांना कशाला? दुसऱ्या दिवशी माझ्या जागी शेजारच्या कोर्टातले साहेब आले. त्यांनी माझा निकाल बाजूला सारला आणि दुपारच्या चहाआधी तिला तीन महिने ठोठावले. माझ्या शौर्याचं फळ ते एवढंच.

जाता जाता ती माझ्यावर डाफरली, "खुर्ची कशाला सोडलीत? बसून राहायचं आणि दर वेळी नाही म्हणायचं. ओढून काढू दे ना त्यांना." मी राजीनाम्याला मोठी गोष्ट समजत होते. त्या दिवसापासून नीट झोप नाही, कारण तिचं खरं असावं.

मामी लॉन्ड्री चालवतेय. गल्लीतली माणसं कपडे टाकायला येतात आणि बाळ बघून जातात. तिने घर का सोडलं हे तुम्ही शेजाऱ्यांना काय सांगता ते माहीत नाही. "कोणतेही छप्पर" हे शब्द मात्र मी आता कधी विसरणार नाही. छान निवडलेत.

ठकी

२० मे

अहो,

तुरुंगातून पत्र लिहायला एकच कागद मिळतो, म्हणून मुद्द्याचं लिहिते.

पोलीस लॉन्ड्रीत आले तेव्हा मी चादर घडी घालत होते. घडी पूर्ण करून उठले. कोर्टात तुम्ही याल असं वाटलं होतं. तुम्ही वकील पाठवलात. चांगला उंचापुरा, गुळगुळीत. तो उठून साहेबांना सांगायला लागला, की आरोपी वयस्कर आहेत, अलीकडे विसरभोळ्या झाल्यात, आपण काय करतोय याचं त्यांना भान नव्हतं. भर कोर्टात! मी पिंजऱ्यातूनच ओरडले, "भान कोणाला नव्हतं ते ह्या वकिलाला पाठवणाऱ्याला विचारा! मी शुद्धीत दार उघडलंय." साहेबांनी मला गप्प बसवलं आणि सहा आठवडे दिले. वयाकडे बघून कमी केले म्हणे.

लॉन्ड्रीवाली माझ्याच बराकीत आहे. तिने पहिल्याच दिवशी माझी चादरीची घडी उसकटून परत घालायला लावली. तुमच्यापेक्षा कडक आहे.

माफीनाम्यावर सही करतेस का, असं तुम्ही विचारलंय. नाही.

आता ऐका. लॉन्ड्रीला सील लागलंय. बाळ आणि आई ठकीकडे होत्या, पण तिला सरकारी घर सोडावं लागलं. ती सध्या मैत्रिणीकडे आहे, आणि मैत्रीण सरकारी नोकर. तिकडे नेलं तर तिची नोकरी जाईल. म्हणून मी त्या बाईला आपला पत्ता दिलाय. मंगळवारी दुपारी येईल.

घरी तुम्ही एकटेच असाल. मी नाही, ठकी नाही, नगराध्यक्ष नाहीत, विद्यार्थी नाहीत. कोणी ऐकायला नसताना तुम्ही काय बोलता, ते मला चाळीस वर्षांत कळलेलं नाही. पोलिसांचा नंबर फोनच्या बाजूला भिंतीवर लिहिलाय, आणि कडी वरची काढावी लागते. दोन्ही तुम्हाला ठाऊक आहे.

माझी काळजी करू नका.

२८ मे

चि. ठकीस,

हे पत्र मी नाइलाजाने लिहीत आहे, कारण तुझ्या मामीला रोज पत्र पाठवता येत नाही आणि मला काही गोष्टी तातडीने विचारायच्या आहेत.

ती बाई काल दुपारी आली. मी दार उघडलं ते तिला परिस्थिती समजावून सांगण्यासाठी. नगरपालिकेच्या नियमाचं स्वरूप, त्यातल्या शिक्षा, माझं सार्वजनिक स्थान, असं सगळं मी मनाशी क्रमाने लावून ठेवलं होतं. पहिलंच वाक्य अर्धं झालं असेल. तिने "जरा धरा" म्हणून मूल माझ्या हातात दिलं आणि ती बोचकं उचलायला जिन्यावरून खाली गेली. मला मूल कसं धरतात ते माहीत नाही. आपल्याकडे कधी तसा प्रसंग आला नाही. त्याची मान हलत होती. तिच्याखाली हात ठेवायला दुसरा हात लागला, आणि दोन्ही हात गुंतल्यावर माणसाला दारही लावता येत नाही आणि भाषणही करता येत नाही. बाई वर आली, मला बाजूला सारून आत गेली आणि स्वयंपाकघर कुठे म्हणून विचारायला लागली.

तिला शिस्त अशी नाही. दुपटी तिने माझ्या अभ्यासिकेत, पुस्तकांच्या कपाटाच्या दारावर वाळत घातली आहेत. माझ्या पुस्तकावर लंगोट आहे.

समोरचे निवृत्त बँक मॅनेजर सगळं गॅलरीतून बघत होते. आज सकाळी त्यांनी मला मुद्दाम थांबवून विचारलं, "पाहुणे का?" त्यांचे नगराध्यक्षांशी संबंध आहेत, माझ्याइतकेच. मी म्हणालो, "नाही. पुलाखालच्या वस्तीतल्या आहेत. मी ठेवून घेतल्या आहेत." हे वाक्य मी ठरवलेलं नव्हतं. ते बाहेर पडल्यावर मी तडक वर आलो आणि दाराची कडी दोनदा तपासली. घाबरलो होतो, हे तुझ्यापासून लपवत नाही. तू आणि तुझी मामी यावर काय हसायचं ते हसा.

वकील पाठवू नकोस. तो गुळगुळीत तर मुळीच नको.

आता प्रश्न. बाळाच्या अंगावर लाल पुरळ आहे, ते उन्हाचं की आणखी कशाचं? आईला विचारलं तर ती "जाईल" म्हणते, याला काही शास्त्र आहे का? ओळखीचा डॉक्टर घरी येईल का? त्याला इथे कोण आहे ते आधी स्पष्ट सांग, नंतर कुरकूर नको. उत्तर फोनवर दिलंस तरी चालेल.

खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. बहुधा पोलीसच आहेत. त्यांना जरा बाहेर बसावं लागेल. मुलगी आत्ता कुठे झोपली आहे.

मामा